माती तुमची, हळद माझी

आक्का, तुमच्या तेराव्याच्या पंगतीची पत्रावळ उचलून होते न होते, तोवर तुमच्या कोंबड्यांचा सौदा ओट्यावर सुरू झालाय. तुमचा लाडका भाचा दत्ता, म्हणजे आमचे चिरंजीव, व्यापाऱ्याला चहा पाजतोय. "आत्या गेली. आता हे कोण बघणार? पावसाळा तोंडावर आलाय, पुन्हा पेंडीला बुरशी, पुन्हा तीच मर. सगळ्या एकदम देऊन टाकू." तुमचे भाऊ शेजारी पान लावत बसलेत. चुना जास्त झाला की कमी, एवढा एकच प्रश्न या माणसाला जन्मात पडला. मी आतून सगळं ऐकलं, उंबऱ्यात आले आणि विचारलं, "टाकशीन?"

व्यापाऱ्याला काही समजलं नाही. दत्ता मात्र कानापर्यंत लाल झाला. तो शब्द कुणाचा, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

"संध्याकाळपर्यंत सांग काय ते," असं तो पुटपुटला. तर माझ्याकडं संध्याकाळपर्यंत वेळ आहे, आक्का. तेवढ्यात तुमच्याशी कागदावर बोलून घेते. तुम्ही गेल्यापासून या घरात माझ्याशी भांडायला कुणी उरलेलं नाही. सगळे समजुतीनं बोलतात. जेवलीस का विचारतात. जीव नकोसा होतो.

तुम्ही माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही अकलूजकडच्या सासरहून कायमच्या परत आलेल्या होतात. नवऱ्यानं दुसरी केली होती. लोक तुम्हाला 'टाकलेली' म्हणत. तुमच्यासमोर हळू आवाजात, मागं मोठ्यानं. आणि मी कोण? शहरातल्या शुक्रवार पेठेतली सातवी पास इंदू! काय तो तोरा! ट्रंकेत शाईची दौत, पायात चप्पल, बोलणं सगळं पुस्तकातलं. शेतावरच्या या घरात पाऊल टाकलं आणि शेणाच्या वासानं नाकाला रुमाल लावला. तुम्ही बघितलंत आणि म्हणालात, "सर्दी झालीय व्हय पोरी? थांब, काढा देते." आणि खरंच वाडगाभर कडूजहर काढा समोर आणून ठेवलात. सर्दी नाही म्हणावं, तर रुमालाचं कारण सांगावं लागलं असतं. प्यायले मुकाट्यानं. आपलं पहिलं भांडण मी तोंड न उघडताच हरले.

पुढं तोंड उघडलं, ते तुम्ही जाईपर्यंत मिटलं नाही. भाकरी पातळ की जाड, जात्याला कुणाचा हात आधी, मिलचा भोंगा ऐकून चूल पेटवावी की उजाडलं बघून. भांडायला आपल्याला विषय कधी कमी पडला नाही.

मग दुष्काळ पडला. विहिरीनं तळ दाखवला, बैल गेले, घरातली माणसं खडी फोडायला गेली, रेशनची तांबडी मिलो ज्वारी खाऊन सगळ्यांची पोटं बिघडली. पाऊस परत आला तेव्हा तुम्ही जाहीर केलंत, "मी आता कोंबड्या पाळनार." त्याही गावठी नाहीत. पांढऱ्या, इंग्रजी, पत्र्याच्या शेडमध्ये भुशावर राहणाऱ्या. त्या आल्या तशी मी नाक मुरडलं. "आक्का, या कसल्या कोंबड्या? दवाखान्यातल्या नर्सा वाटतात."

"मग नीट वाग की. न्हायतर सुई टोचतील."

शेड तुमच्या नावावर झाली. हळूहळू लोक तुम्हाला 'कोंबडीवाल्या आक्का' म्हणायला लागले. जुनं नाव मागं पडलं. ते तुम्हाला दुसऱ्यानं चिकटवलेलं होतं. हे तुमच्या कमाईचं. म्हणून सांगते, दत्ता नुसत्या कोंबड्या विकत नाहीये. व्यापाऱ्याच्या टोपल्यांत तो तुमचं नावसुद्धा भरून द्यायला निघालाय, आणि त्या बिचाऱ्याला ते कळतसुद्धा नाही.

मर आली ती शेड उभी राहिल्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात. शेंगदाण्याच्या पेंडीची पोती कोपऱ्यात रचलेली, वर पत्रा गळका. पोत्यांच्या आत हिरवट बुरशी धरली आणि आपल्याला वरून दिसली नाही. अंडी कमी झाली, तुरे फिके पडले, एकेक नर्स पंख पाडून भिंतीला टेकायला लागली. मग मरायला लागल्या. गुरांच्या दवाखान्यातले तरुण डॉक्टर आले. त्यांनी मेलेली कोंबडी आपल्यासमोर कापली आणि काळीज काढून तळहातावर ठेवलं. तांबडं असायचं ते फिकट पिवळं, बोट लावलं तर कुस्करेल असं.

"पेंडीला बुरशी आलीय," ते म्हणाले. "ही बुरशी पेंडीत विष सोडते. टॉक्सिन."

"टाकशीन?" तुम्ही उसळलात. "काय टाकशीन? कोंबड्या? एक बी टाकनार न्हाय मी, सांगून ठिवते!"

"अहो आजी, टाकशीन नाही. टॉक्सिन."

"तेच की! आल्यापास्नं दोनदा म्हनलास. टाकशीन, टाकशीन. टाकायला ह्या काय बुरशीच्या भाकरी हायेत व्हय?"

अशा वेळी सातवी पास इंदू गप्प बसेल? तिनं पदर सावरला, घसा साफ केला. "आक्का, तो इंग्रजी शब्द आहे," मी म्हणाले. "टॉक्सिन म्हणजे टॉनिक. शक्तीचं औषध. पेंडीत भरपूर शक्ती आहे म्हणतायत डॉक्टर."

डॉक्टरांना ठसका लागला. तुम्ही त्यांच्या तळहातावरच्या पिवळ्या काळजाकडं बघितलंत, मग माझ्याकडं. "एवडी शक्ती आली म्हनून मेली व्हय गं ती?"

अजून माझी नातवंडं औषधाची बाटली दिसली की ओरडतात, "आज्जी, तुझं टॉक्सिन घे!" घेते बापडी.

डॉक्टरांनी मग नीट समजावलं. बुरशी झटकली, पेंड उन्हात वाळवली, भाजली, तरी ते विष पुरतं जात नाही. त्यावर टोचायचं औषधही नाही. पेंड बंद करा, कोरडं स्वच्छ खाद्य द्या आणि वाट बघा. हे ऐकून तुमच्या भावाला एकदाची बुद्धी सुचली. अजून पायावर उभ्या आहेत तोवर कोंबड्या हॉटेलवाल्याला विकू, पेंड म्हशीला घालू. डॉक्टरांनी मान हलवली. "म्हशीच्या दुधातून पोरांच्या पोटात जाईल."

तुम्ही भावासमोर जाऊन उभ्या राहिलात. "इख खाल्लेली कोंबडी दुसऱ्याच्या ताटात वाडू व्हय रं बाळू? आन् आजारी पडलं की टाकायचं आसतं, तर गोवरात तुलाच टाकला आसता की आमी."

मग तुम्ही फावडं घेतलंत. ज्या बाईनं आयुष्यात फाटकं धडपं टाकलं नाही, भोपळ्याच्या सालीची चटणी केली, तिनं पोतीच्या पोती पेंड खड्ड्यात लोटली. वरून चांगली दिसणारी पोती वाचवायला हात गेला नाही असं नाही. पण फोडून, वास घेऊन, दाणाभर जिभेवर ठेवून, थुंकून, तीही लोटलीत. मी काठावर उभी राहून हळहळत होते. तुम्ही खालून म्हणालात, "टाकायचंच तर ज्यात इख झालं ते टाकावं, इंदे. ज्यानं खाल्लं त्याला न्हाय."

हे तुम्ही पेंडीबद्दल बोललात. मीही पेंडीबद्दलच ऐकलं, असं दाखवलं. कधीतरी निवांत बसून विचारावं असं मनात होतं, की आक्का, त्या घरातून निघताना तुम्हाला कुणी हे म्हटलं होतं का? विचारलं नाही. आपल्याला भांडायचीच सवय. विचारपूस जमली नाही.

खरं भांडण त्यानंतर पेटलं. नवी पेंड आली, पण धास्ती गेली नव्हती. जगलेल्या कोंबड्या दुबळ्या होत्या, आणि पावसाळा अजून बराच बाकी. खाद्यात असं काय मिसळावं की उरलंसुरलं विष अंगी लागणार नाही? तुमचं म्हणणं, माती. अंगणातल्या गावठी कोंबड्या तीच सांडलेली पेंड टिपत होत्या, तरी टुणटुणीत होत्या. त्या दिवसभर रान उकरून माती खातात, शेडमधल्यांना मातीचं दर्शन नाही, म्हणून.

"गावठी कोंबड्यांनी पेंड खाल्ली तरी किती?" मी म्हणाले. "त्या किडेसुद्धा खातात. मग किडे भरवणार का शेडमध्ये? हळद घाला, आक्का. हळद आणि ठेचलेला लसूण. काळजाला हळदच बरी."

"हळदीचं नाव काडू नगंस. अंगभर लागली व्हती मला. काय भलं झालं, दिसतंय की तुला."

"लग्नाची हळद वेगळी, औषधाची वेगळी."

"एकाच डब्यातली आसती."

"आणि लोक काय म्हणतील? आक्कानं स्वतः माती खाल्ली आणि कोंबड्यांनाही चारली!"

"म्हनू दे. मेल्यावर मातीतच जायाचं हाय. आदी चव तरी कळंल."

शेवटी शेडच्या मधोमध जाळी लावली. एक बाजू तुमची, एक माझी. तुम्ही भेगाळल्या रानातली खोलवरची काळी माती आणलीत, तापवलीत, वस्त्रगाळ केलीत आणि धान्याच्या भरड्यात चिमटी-चिमटी मिसळलीत. माझ्या बाजूला हळद आणि लसूण. डॉक्टर येऊन बघून हसले. "मातीला विष चिकटून बाहेर पडत असेल. हळद काळजाला बरी असेल. मी शपथेवर सांगणार नाही, पण थोडं घाला. अति करू नका. आणि खाद्य कोरडं ठेवा. ते मात्र शपथेवर सांगतो."

काही आठवडे गेले. कोंबड्या सावरल्या. तुरे लाल झाले, अंडी आली. दोन्ही बाजूंना, सारखीच! मी वैतागले, तुम्हीही वैतागलात. डॉक्टर आले, तुमच्या बाजूची एक कोंबडी उचलून उजेडात धरली आणि म्हणाले, "आजी, हिच्या छातीची पिसं पिवळी कशी?" मग माझ्या बाजूचं खाद्याचं भांडं तिरपं केलं. "आणि वहिनी, या तळाशी काळी धूळ कसली?"

तुम्ही वर पत्र्याकडं बघायला लागलात. मी चुलीवर दूध आहे म्हणून निघाले. चुलीवर काही नव्हतं.

आक्का, मी तुमच्या बाजूला चोरून हळद घालत होते. तुमच्या कोंबड्या मेल्या असत्या तर मी जिंकले असते, आणि मला तसं जिंकायचं नव्हतं. तुम्ही माझ्या बाजूला माती का टाकत होतात, ते मी विचारलं नाही. तुम्हीही विचारलं नाहीत. उलट त्या दिवसापासून दोघी जास्तच हट्टाला पेटलो. "माझ्या मातीनं जगल्या." "माझ्या हळदीनं जगल्या." डॉक्टर कपाळाला हात लावून म्हणायचे, "बायांनो, नासकी पेंड पुरलीत म्हणून जगल्या." त्यांचं बहुधा खरं असणार. पण खरं म्हणून भांडण थोडंच सोडायचं असतं?

तुम्ही कशा गेलात ते इथं लिहीत नाही. ज्यांना ते जाणून घ्यायचं होतं ते मातीला आले, विचारून गेले. पण त्या दिवशी एक गोष्ट घडली ती तुम्ही बघितली नाहीत. डोळे मिटून पडला होतात ना, आयत्या वेळी!

अकलूजकडून जीप आली. तुमची जाऊ उतरली. हातात हिरवं लुगडं, हळदीकुंकवाचा करंडा. "नवऱ्याच्या जितंपनी गेली, भाग्याची गं बाई! सवाष्णीचं सगळं रीतीनं झालं पायजे. आमच्या घरची सून हाय." ते भाग्य स्वतः जीपमधून उतरलंच नाही. त्याचे गुडघे दुखत होते म्हणे.

आयाबाया बाजूला सरकल्या. सगळ्यांना हायसं वाटलं होतं. इतकी वर्षं तुम्हाला कुठल्या रांगेत बसवायचं हे कुणाला ठरवता येत नव्हतं, आता एकदाचं ठरणार होतं. आणि मी, जन्मभर हळदीची वकिली केलेली इंदू, मी तो करंडा हातानं मागं सारला.

"टाकलेलं पुन्हा उचलायची आमच्यात रीत नाही," मी म्हणाले. "तुमच्यात असेल, तर त्या जिवंत असताना यायचं होतं. त्यांनी तुम्हाला शेड झाडायला लावली असती आणि मग नाही म्हटलं असतं."

"आवो, पन रीत..."

"रीत तुमच्या जीपमध्ये बसलीय. तिचे गुडघे चेपा जा."

दत्ता माझा हात ओढत होता. मी शेडमध्ये गेले, तुमच्या डब्यातली वस्त्रगाळ काळी माती घेतली आणि बोटानं तुमच्या कपाळाला लावली. अंगावर तुमचं रोजचं, शेडमध्ये नेसायचं इरकल लुगडं. कुणीतरी मागं कुजबुजलं, "म्हातारीला येड लागलं." लागलं. मग? शहाणपणानं तुमचं कुणी काय केलं होतं?

त्या वेळी मी मनाशी म्हटलं होतं, जाऊ दे, आक्का जिंकल्या. माती खरी. भांडण संपलं.

हे इथवर लिहिलं आणि मला स्वतःचाच राग आला. संपलं म्हणजे काय? मी कधी कबूल केलं? लिहिणं तसंच ठेवून उठले आणि शेडवर गेले. व्यापारी रिकाम्या टोपल्या घेऊन दारात बसला होता, दत्ता त्याच्याशेजारी. मी कोपऱ्यातलं पेंडीचं एक पोतं ओढलं, ढेकूळ फोडलं, तुम्ही करायचात तसं नाकाला लावलं. रुमाल न लावता, आक्का, उघड्या नाकानं. कुबट वास. दाणाभर जिभेवर ठेवलं. कडू. थुंकले.

"दत्ता, फावडं आण."

"आई, आता हे कशाला? व्यापारी खोळंबलाय..."

"तू सांग म्हणाला होतास ना, काय टाकायचं ते? हे पोतं टाकायचं. खड्डा कर." मग व्यापाऱ्याकडं वळले. "आणि तुमच्या टोपल्या रिकाम्याच बऱ्या दिसतात. न्या तशाच. कोंबडीवाल्या आक्कांच्या शेडमधलं इथून काही जाणार नाही."

"म्हातारी गेली की," तो म्हणाला.

"शेड गेली नाही. मी बसलेय."

तो दत्ताकडं बघायला लागला. दत्ता माझ्याकडं. त्याच्या चेहऱ्यावर मला एकदम गोवरातला बाळू दिसला, म्हणजे तुमचा भाऊ, ज्याला तुम्ही टाकला नव्हता. दत्तानं फावडं उचललं. व्यापारी सायकलला टोपल्या अडकवून निघून गेला.

मग मी घमेल्यात भरडा ओतला, दुसऱ्या पोत्यातली चांगली पेंड वास घेऊन फोडून घातली. तुमच्या डब्यातली माती घातली, तुमच्या चिमटीच्या बेतानं. आणि मग माझा डबा उघडला आणि हळद घातली. तुमच्या चिमटीला माझी जरा सढळ चिमटी. चोरून नाही, जाळीच्या दोन्ही बाजूंना, सगळ्यांदेखत. पिसं पिवळी झाली तर होऊ देत. नर्सांनाही कधीतरी हळद लागू दे की! आणि यंदाच्या पावसाळ्यात जगल्या, तर हळदीनं जगल्या असं मी वेशीपासून पेठेपर्यंत सांगत फिरणार आहे. अडवायला कोण आहे?

एवढ्यात दत्ता खड्ड्यातून वर आला. घामाघूम, गुडघ्यापर्यंत माती. माझ्या खांद्यावरून घमेल्यात डोकावला, नाक मुरडलं आणि म्हणाला, "हळद लई झाली, आई. आत्या माती जास्त घालायची."

"तुझ्या आत्याला काय कळत होतं?" मी ओरडले.

"तुला तरी काय कळतंय? टॉक्सिनला टॉनिक म्हणणारी तू!"

आणि आक्का, त्यानं तुमचा डबा उचलून घमेल्यात आणखी एक चिमूट माती घातली. माझ्यासमोर! माझ्या शेडमध्ये!

जाते. लिहायला सवड नाही आता. चांगलं भांडण पेटलंय.